मधल्या महिन्यांची सोबत

गरोदरपणाच्या नऊ महिन्यांपैकी पहिले तीन आपल्याकडे गुपिताचे मानले जातात आणि शेवटचे दोन धामधुमीचे. तिसरा सरेपर्यंत बाहेर वाच्यता करू नये हा दंडक घरातल्या वडीलधाऱ्या बायका अजूनही पाळतात. आठवा लागायच्या सुमारास माहेरची माणसे न्यायला येतात, इस्पितळाचे नाव पक्के होते, आणि सगळ्या घराचे लक्ष त्या एका देहाकडे लागून राहते. या दोहोंच्या मध्ये चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे जे महिने उरतात, त्यांची वास्तपुस्त फारशी कोणी करीत नाही. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, अन्न गोड लागू लागलेले असते, चेहऱ्यावर टवटवी आलेली असते, आणि सून पुन्हा पहिल्यासारखी कामाला लागलेली पाहून घराने निःश्वास टाकलेला असतो. नेमक्या याच काळात तिच्या मनात बारीकसारीक शंकांची दाटी होते. त्यांतली एकही इतकी मोठी नसते की तेवढ्यासाठी डॉक्टरांकडे धाव घ्यावी, आणि इतकी क्षुल्लकही नसते की ती मनाआड करून निवांत झोपावे.

या शंका विचारायच्या कोणाला? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोर एकेकीच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात, आणि त्या मिनिटांत रक्तदाब, वजन, पोटाची तपासणी व गोळ्यांची चिठ्ठी एवढे उरकेपर्यंत पुढच्या बाईच्या नावाचा पुकारा झालेला असतो. खाजगी दवाखान्यात वेळ थोडा अधिक मिळतो. पण ‘एवढ्याशा गोष्टीसाठी विचारू की नको’ हा संकोच तिथेही सुटत नाही. घरी सासू असते, आई असते, आणि त्यांची माया खरी असते. परंतु त्यांची स्वतःची बाळंतपणे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालेली, त्या वेळच्या पाचव्या महिन्यातल्या भीतीचा तपशील त्यांच्या स्मरणातून कधीच पुसून गेलेला, आणि जे उरले ते ‘सगळं काही व्यवस्थित पार पडलं’ एवढेच. सुखरूप बाळंतपण ही भीती विसरायला लावणारी मोठी गोष्ट आहे. तेव्हा आजच्या भीतीला आजच्या मापाने मोजू शकेल अशी एकच व्यक्ती उरते, आणि ती म्हणजे त्याच महिन्यात असलेली दुसरी गर्भवती. तिची सोबत ही या काळातली एक स्वतंत्र गरज आहे, आणि औषधपाण्याची आपण जशी तरतूद करतो तशी या सोबतीचीही जाणूनबुजून केली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या शंकांचे स्वरूप आधी पाहू. पहिली आणि सर्वांत व्यापक शंका बाळाच्या हालचालीची. पहिलटकरणीला ती साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवू लागते, दुसरेपणाच्या बाईला त्याहून लवकर, कारण काय जाणवायचे आहे हे तिला ठाऊक असते. सुरुवातीची हालचाल इतकी सौम्य असते की ती बाळाची की पोटातल्या वायूची हेच कळत नाही. आणि वार जर गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल, तर तिच्या जाडीमुळे हालचाल आणखी उशिरा व मंद कळते. शेजारची म्हणते, ‘माझं तर कधीचंच फिरतंय’, आणि ही बिचारी रात्री पोटावर हात ठेवून जागी राहते. चोविसावा आठवडा उलटला तरी काहीच कळले नाही तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. तोवर थोडे मागेपुढे होणे हा निसर्गाचा नित्यक्रम आहे. डॉक्टर हे एका वाक्यात सांगतात आणि ते बरोबरच असते. पण ‘माझंसुद्धा बाविसावा लागल्यावर कळलं’ असे दुसरीच्या तोंडून ऐकताना जो धीर येतो, तो त्या वाक्याने येत नाही.

दुसरी भीती सोनोग्राफीच्या कागदाची. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची तपासणी होते, आणि तिचा अहवाल इंग्रजीत, आकड्यांनी खचाखच भरलेला, पाकिटातून घरी येतो. त्यात कधी ‘वार खाली आहे’ अशा अर्थाचा शेरा असतो, कधी ‘बाळ पायाळू आहे’ असा. वस्तुस्थिती अशी की पाचव्या महिन्यात वार खाली दिसणाऱ्या दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींची वार, गर्भाशय वाढत जाते तशी, शेवटच्या तिमाहीपर्यंत गर्भाशयमुखापासून दूर गेलेली आढळते. आणि पाचव्यात पायाळू असलेली बहुतेक बाळे आपली आपण फिरतात, पूर्ण दिवसांना पायाळू राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीन-चारच असते. हे ज्ञान डॉक्टरांना इतके परिचयाचे असते की ते सांगण्याची गरज कित्येकदा त्यांना भासत नाही. कागद वाचणाऱ्या घराला मात्र तो शेरा निकालपत्रासारखा वाटतो.

गोळ्यांचा मामला याहून रोजचा. आपल्या आरोग्य खात्याच्या धोरणानुसार दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. शिवाय चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, आणि दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी. रक्तातले हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर गर्भवतीला रक्तक्षय आहे असे धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ साली, देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती त्या रेषेखाली आढळल्या. गोळ्या फुकट मिळत असूनही हा आकडा इतका मोठा का, याची कारणे अनेक आहेत. पण एक कारण अगदी घरगुती आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, बद्धकोष्ठ होते, तोंडाला गंजाची चव येते, आणि हे अपेक्षितच आहे असे कोणी न सांगितल्यामुळे बाई चौथ्या-पाचव्या दिवशी गोळी बंद करते, पाकीट कपाटात ठेवते, आणि पुढच्या तपासणीला ‘घेते ना’ असे म्हणते. ती खोटे बोलते ते फसवण्यासाठी नव्हे. रागावून घ्यायची तिची तयारी नसते, एवढेच.

आता एका प्रसंगाकडे येते. २०१६ सालापासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विशेष तपासणी होते. अशाच एका नऊ तारखेला एका नगरपालिकेच्या प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात मी नात्यातल्या एका मुलीबरोबर बसले होते. सकाळी परिचारिकेने पाच-सहा जणींना एका ओळीत बसवून प्रत्येकीच्या हातात स्टीलचा पेला दिला. पेल्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवलेले. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या या चाचणीला उपाशीपोटी यावे लागत नाही, ही आपल्या देशात स्वीकारलेल्या पद्धतीची मोठी सोय आहे. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्त तपासतात, आणि साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर पुढचे उपचार सुरू होतात. ही चाचणी नाव नोंदवताना एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा करायची असते. म्हणजे त्या ओळीत बसलेल्या बहुतेक जणी, कोणाचाही तसा संकल्प नसताना, एकाच टप्प्यातल्या होत्या, आणि त्यांना दोन तास कुठेही जायचे नव्हते.

पहिला पाऊण तास कोणी फारसे बोलले नाही. ते पाणी इतके गोड असते की एकदोघींनी नाकाला पदर लावला. आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत यायचे, अशी ताकीद मिळालेली असल्याने सगळ्याच जपून बसल्या होत्या. मग कडेच्या मुलीने पर्समधून सोनोग्राफीचा कागद काढला, वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. शेजारच्या बाईने, जिची ही दुसरी खेप होती, विचारले, “काय गं, काय लिहिलंय?”

“वार खाली आहे म्हणे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, ताई.”

“अगं, माझ्या थोरल्याच्या वेळी पाचव्यात हेच लिहिलं होतं. आठव्यात परत सोनोग्राफी केली, तेव्हा सरकली होती वर. तुझ्या अंगावरून कधी लाल गेलं का?”

“नाही.”

“मग आत गेलीस की विचार, परत कधी बोलवताय म्हणून. अन् जरा जरी गेलं ना, तरी सकाळची वाट बघू नकोस. तडक इथं यायचं.”

तेवढ्यात तिसरीने हळू आवाजात सांगितले की तिने लाल गोळ्या बंदच केल्या आहेत, कारण सगळे काळे होऊ लागले. ओळीत एकदम हसू फुटले, आणि चौघींनी एकदम कबुली दिली की त्यांचेही तसेच होते. परिचारिका कागद घेऊन चालली होती ती थांबली. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाच्या आगेमागे घेऊ नये, आणि कॅल्शियमची जेवणाबरोबर, लोहापासून निदान दोन तास दूर ठेवावी, कारण दोन्ही एकदम पोटात गेल्या तर लोह अंगी लागत नाही, एवढे तिने उभ्याउभ्याच सांगितले. हाच मजकूर समोरच्या भिंतीवर रंगीत फलकावर लिहिलेला होता. तिथे बसलेल्यांपैकी कोणी तो वाचताना मला दिसले नाही. परिचारिकेचे बोलणे मात्र सगळ्यांनी ऐकले, कारण ते विचारल्यावर आले होते.

या प्रसंगातली ती दुसरेपणाची बाई मला फार महत्त्वाची वाटते. तिने नुसता धीर दिला नाही. रक्तस्राव झाला का हा नेमका प्रश्न विचारला, पुढची तपासणी केव्हा हे विचारायला सांगितले, आणि कोणत्या लक्षणाला एक रात्रही थांबायचे नाही ते बजावले. खऱ्या सोबतीची रीत अशी असते. भीतीला ती तिच्या मापात आणते, आणि जिथे भीती योग्य आहे तिथे ती कमीही करीत नाही.

पूर्वीच्या माजघरात ही सोबत आपोआप मिळे, असे आपण म्हणतो, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. एकत्र कुटुंबात थोरली जाऊ बाळंत होऊन उठली, धाकटीला पाचवा लागला, नणंद पहिल्या खेपेसाठी माहेरी आलेली, असे एका छताखाली असे. दुपारची निवडटिपण करताना या गोष्टी बोलल्या जात, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जात, आणि डोहाळजेवणाच्या दिवशी हिरवी साडी नेसलेल्या गर्भवतीभोवती जमलेल्या बायका तिला काय खावेसे वाटते ते विचारत. पण त्या काळाला सोन्याचा मुलामा देणे मला मान्य नाही. त्याच माजघरांतून बाळंतिणी आणि अर्भके मोठ्या संख्येने दगावत, आणि का दगावली हे सांगण्याचा इलाज कोणाकडे नसे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला, आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. पुढे १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले ते प्रामुख्याने गिरणगावातल्या कष्टकरी बायकांसाठी. शास्त्र इस्पितळात आले, मृत्यू घटले, आणि हे सर्वथा इष्टच झाले. मात्र माजघरातली बोलणी इस्पितळाच्या दारात थांबली, ती आत घ्यायची आठवण आपल्याला राहिली नाही.

ही आठवण अन्यत्र काही लोकांनी ठेवली, आणि तिचा परिणाम मोजूनही पाहिला. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावातल्याच एका साक्षर बाईने दर महिन्याला बायकांच्या बैठका घेतल्या; गरोदरपणात व बाळंतपणात काय अडते ते बायकांनी स्वतः सांगायचे, त्यातून महत्त्वाचे ठरवायचे, आणि गावाला परवडेल असा उपाय आपणच काढायचा, एवढीच त्या बैठकांची रीत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला तेव्हा, बैठका झालेल्या भागात नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २६.२ आणि न झालेल्या भागात ३६.९ होते. आपल्याकडे झारखंड आणि ओडिशाच्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने हीच पद्धत, चित्रांच्या पत्त्यांची आणि गोष्टींची जोड देऊन, राबवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. आणि तिसऱ्या वर्षी बाळंतिणींतल्या मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात ५७ टक्क्यांची घट दिसली. मला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका वाटतो. मन हलके करायला हक्काची जागा मिळाली, तर बाळंतपणानंतरचे खचणे कमी होते, असे तो सुचवतो.

हे सर्वत्र सारखे घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ या संस्थेने असाच प्रयोग केला, आणि २०१२ साली आलेल्या त्याच्या अहवालात अर्भकांच्या जगण्यावर बैठकांचा परिणाम सिद्ध झाला नाही. शहरात बहुतेक बाळंतपणे आधीच इस्पितळात होत असतात, वस्ती हलती असते, आणि बायका एकमेकींना महिनोन्महिने भेटतच नाहीत. पुढे सात ठिकाणच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला तेव्हा असे दिसले की, ज्या भागात गर्भवतींपैकी निदान ३० टक्के जणी बैठकांना येत होत्या तिथेच लाभ मोठा होता. चार उत्साही बायकांची बैठक भरवून छायाचित्र काढल्याने काही साधत नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ.

अमेरिकेत १९९० नंतर शेरॉन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एकाच महिन्यात दिवस भरणाऱ्या आठ ते बारा जणींची एकत्र तपासणी, सुमारे दोन तासांची. बायकांनी आपले वजन व रक्तदाब स्वतः घ्यायचा, स्वतः नोंदवायचा, आणि नंतर वर्तुळात बसून बोलायचे. १,०४७ तरुण गर्भवतींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा गटांतल्या ९.८ टक्के जणींची प्रसूती दिवसांआधी झाली, तर एकएकट्या तपासल्या जाणाऱ्यांत हे प्रमाण १३.८ टक्के होते. नंतरच्या काही अभ्यासांत एवढा स्पष्ट फरक आढळला नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या गर्भवतींसंबंधीच्या शिफारशींत, आठ वेळा संपर्क व्हावा असे म्हणताना, गटाने तपासणीच्या या पद्धतीलाही काटेकोर संशोधनाच्या चौकटीत स्थान दिले.

आता तयारीकडे वळू, कारण बायका आपापसांत बोलतात तेव्हा भीतीपेक्षा तयारीच्या गोष्टीच अधिक बोलतात, आणि त्या फार उपयोगी असतात. दिवसाला किती लंगोट लागतात, थंडीच्या बाळंतपणाला झबली बाह्यांची शिवावी की बिनबाह्यांची, डिंकाचे लाडू आधी करून ठेवले तर टिकतात का, आळीव कोणाकडे चांगले मिळतात, हे सर्व तिथे निघतेच. त्याच्या जोडीला ज्या गोष्टी निघायला हव्यात त्या अशा. पहिल्या खेपेला माहेरी जायची आपली रीत आहे. ती जाताना माता व बालसंरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद आणि सगळे सोनोग्राफीचे अहवाल बरोबर नेले नाहीत, तर तिथले डॉक्टर तिला नवखी म्हणूनच तपासणार. शिवाय आठव्या-नवव्यात ऐनवेळी जाण्यापेक्षा, सातव्यात एकदा जाऊन तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवून आलेली मुलगी पुष्कळ निर्धास्त असते. रात्री-अपरात्री वाहन कोणाचे, १०२ किंवा १०८ ला फोन कोण करणार, रक्त लागले तर त्या गटाचे घरात कोण, याची ठरवाठरव याच महिन्यांत सवडीने करायची असते. कळा सुरू झाल्यावर घरात सल्ले पुष्कळ मिळतात आणि निर्णय होत नाही.

नोकरी करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न रजेचा. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला तो या देशातला पहिला. त्या विधेयकावरच्या चर्चेच्या वेळी, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याच्या बाजूने भाषण केले होते. आजच्या कायद्याने, २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, तीतले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात, आणि त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेले असावे लागते. हे नियम कचेरीच्या दप्तरात असतात. पण अर्ज केव्हा द्यावा, साहेबापुढे विषय कसा काढावा, हे मागच्या वर्षी रजेवर जाऊन आलेली सहकारी जितके नीट सांगते तितके दप्तर सांगत नाही.

ज्यांना ना रजा ना दप्तर, अशांचे काय? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत दरवर्षी गर्भवती बायका असतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडल्याखेरीज माघारी फिरण्याची सोय नाही, आणि फडाजवळच्या कोपीत राहून पहाटेपासून मोळ्या बांधायच्या. गावच्या आशाताईकडे नोंदवलेले नाव गावातच राहते; कारखान्याजवळच्या दवाखान्यात ती कोणाचीच नसते. अशा तळावर पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या चारजणी एकत्र बसल्या आणि त्यांतल्या एकीला जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे एवढे ठाऊक असले, तरी त्याचे मोल मोठे आहे. या लेखातली सोबत सर्वांत जास्त हवी आहे ती तिथे, आणि सर्वांत दुर्मिळ आहे तीही तिथेच. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक गर्भवतीचे कार्ड तिच्या हातात देणे आणि कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य सेविकेला तिची खबर देणे, हे काम आरोग्य खात्याने दिरंगाई न करता करण्याजोगे आहे.

सोबतीतूनही अपाय होऊ शकतो, म्हणून काही पथ्ये सांगते. पोटाच्या आकारांची तुलना करू नये. बांधा, उंची, कितवी खेप यांवर ते अवलंबून असते, आणि वाढ ठीक आहे की नाही हे डॉक्टर मोजून सांगतात. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो, केशर प्यायल्याने बाळ गोरे होते, या समजुतींना शास्त्राचा आधार नाही. पैकी पहिलीने तर एखादीला दिवसभर उपाशी कोंडून ठेवले जाते. पोट टोकदार की पसरट यावरून मुलगा की मुलगी हे ताडण्याचा खेळ तर मी मुळीच निरुपद्रवी मानत नाही. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशाने १९९४ साली केला, तो का करावा लागला याचे उत्तर त्याच खेळामागच्या इच्छेत आहे. आणि पहिल्या दोन मुली असलेली एखादी त्या घोळक्यात मान खाली घालून बसलेली असते, हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आणि सर्वांत कडक पथ्य हे की काही लक्षणांची चर्चा मैत्रिणींत करायचीच नाही. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर एकाएकी सूज, झटके, ताप, किंवा नीट कळू लागलेली बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर त्या घटकेला इस्पितळ गाठायचे. ‘मलाही झालं होतं, काही होत नाही’ हे वाक्य इतर वेळी औषध आहे आणि इथे विष.

घरच्या माणसांना माझे सांगणे थोडे आहे. सहाव्या महिन्यातली सून दुसऱ्या गर्भवतीच्या घरी तासभर जाऊन बसली, किंवा फोनवर तिच्याशी बोलत राहिली, तर तो वेळ वाया गेला असे मानू नये. उलट तेवढा वेळ तिला मिळावा म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याने हाती घ्यावा. आणि प्रसूतिगृहे चालवणाऱ्यांना एक विनंती आहे, जिला नवी इमारत लागत नाही आणि नवा हुद्दाही निर्माण करावा लागत नाही. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बायकांना ग्लुकोज पाजून तुम्ही दोन तास बसवताच. बाके एका ओळीत आहेत ती समोरासमोर लावा, एक परिचारिका किंवा आशाताई अर्धा तास त्यांच्यात बसेल अशी तजवीज करा, तिला भाषण करू देऊ नका, बायकांना विचारू द्या. आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला त्याच जणींना एकाच वेळी बोलवा.